केबल, छत्री आणि समोरचा टॉवर

2023 साली पाऊस मुंबईत उशिरा, 25 जूनला पोहोचला. त्याच आठवड्यात आमच्या घरातील टीव्हीचे चित्र आधी चौकोनाचौकोनांत फुटू लागले आणि दोन दिवसांनी पूर्णपणे गेले. पूर्वी केबलचा सिग्नल क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, आवाज मात्र खरखरत का होईना चालू राहायचा आणि माणसे त्या मुंग्यांतूनही क्रिकेटचा सामना पाहून घेत. डिजिटल सिग्नलचे तसे नसते. तो एका मर्यादेपर्यंत स्वच्छ दिसतो आणि त्या मर्यादेखाली गेला की एकदम काहीच दिसेनासे होते. आमच्या केबलमध्ये किती दिवसांपासून बिघाड साचत आला होता, हे आम्हाला चित्र गेल्यावरच कळले.

मी मुलुंड पूर्वेला एका सात मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आईसोबत राहते. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांची लोकल पकडून मी कामावर जाते आणि घरी परतायला संध्याकाळचे साडेसात होतात. आईचे वय तेव्हा 79 होते. इमारतीला लिफ्ट आहे, परंतु दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून ती एकटी रस्त्यावर उतरत नाही. सकाळी सह्याद्री वाहिनी, दुपारी बातम्या, जेवणानंतर आदल्या दिवशीच्या मालिकांचे पुनःप्रसारण आणि सातनंतर त्याच मालिकांचे नवे भाग, असा तिचा दिवस टीव्हीभोवती बांधलेला आहे. दुपारच्या त्या आवाजामुळे घरात माणूस असल्यासारखे वाटते, असे ती म्हणते. टीव्ही बंद पडला तेव्हा तिची मनोरंजनाची सोय गेली एवढेच घडले नव्हते. अकरा तास ती निव्वळ शांततेत बसून राहत होती आणि संध्याकाळी दार उघडताना मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.

आमच्या घरी केबल आली 1996 साली, विश्वचषकाचे सामने सुरू होण्याच्या थोडे आधी. बाबांनी जोडणी घेतली आणि ज्या तरुणाने गच्चीवरून वायर सोडून ती खिडकीच्या चौकटीतून आत घेतली, तोच पुढे सत्तावीस वर्षे आमचा केबलवाला राहिला. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो पैसे घ्यायला यायचा, पाणी पिऊन बाबांशी दोन गोष्टी बोलायचा आणि मळलेल्या वहीत आमच्या नावापुढे खूण करायचा. 31 ऑक्टोबर 2012 रोजी मुंबईत केबलचे जुने अ‍ॅनालॉग प्रसारण बंद होऊन सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, तेव्हा त्याने स्वतः बॉक्स आणून बसवला होता आणि आईला रिमोट शिकवण्यासाठी सलग तीन संध्याकाळी तो घरी आला होता. हे सगळे आधीच सांगते, कारण पुढची निवड करताना सर्वांत जड गेले ते हेच.

चित्र गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला. आमच्या खिडकीबाहेरचा जोड त्याने सोडवला आणि वायरीचे टोक माझ्यापुढे धरले. मधली तांब्याची तार कळकून हिरवी पडली होती. बिनकल्हईच्या भांड्यात ताक राहिले की जसा हिरवट थर चढतो, अगदी तसाच. भोवतीच्या जाळीतून बोटाला पाणी लागत होते. त्याने तेवढा भाग कापून नवा जोड बसवला आणि चित्र आले, पण ते चार दिवसच टिकले. मग पुन्हा गेले, पुन्हा आले आणि जुलैच्या मध्यापर्यंत हा क्रम चालू राहिला. शेवटी तो दारातच उभा राहून आईला म्हणाला, "काकू, माझ्या हातात असतं तर आजच्या आज लावून दिलं असतं, पण समोरची बिल्डिंगच उरली नाही, मी सिग्नल आणू कुठून?"

या एका वाक्यात आमच्या अडचणीचे मूळ होते, मात्र ते समजून घ्यायला मला थोडा वेळ लागला. केबलचा सिग्नल कंपनीच्या कंट्रोल रूममधून फायबरने आपल्या भागापर्यंत येतो. तेथून पुढे तांब्याची वायर इमारतींच्या गच्च्यांवरून जाते आणि वाटेत क्षीण होणारा सिग्नल ठरावीक अंतरावर अ‍ॅम्प्लिफायर लावून पुन्हा जोरकस केला जातो. आमच्यापर्यंत येणारा अ‍ॅम्प्लिफायर आग्नेयेला समोर असलेल्या चार मजली जुन्या सोसायटीच्या गच्चीवर होता आणि त्याला वीजही त्याच इमारतीतून मिळत होती. ती सोसायटी पुनर्विकासासाठी रिकामी झाली, वीज तोडली गेली आणि मे महिन्यात पाडकाम सुरू झाले. केबलवाल्याने पलीकडच्या गल्लीतून, रस्त्याकडेच्या झाडाच्या आधाराने, एक लांबलचक तात्पुरती वायर आमच्या इमारतीपर्यंत ओढली. तिच्यात तीन जोड होते, तिन्ही उघड्यावर होते, आणि पाऊस सुरू होताच त्यांत पाणी शिरू लागले. त्यातच एकदा झाडाच्या फांद्या छाटताना वायरही छाटली गेली. दोष त्याचा नव्हता. तरीही समोरच्या भूखंडावर नवा टॉवर उभा राहून तेथे पुन्हा अ‍ॅम्प्लिफायर बसेपर्यंत तीन ते चार वर्षे आम्हाला या वायरीच्या भरवशावर काढावी लागणार होती.

तेव्हा छत्रीचा विचार सुरू झाला. गच्चीवर तबकडी लावून उपग्रहाचा सिग्नल थेट घरात घेण्याच्या सेवेला डीटीएच म्हणतात, पण मुंबईत बोलताना तसे कोणी सहसा म्हणत नाही. माणसे छत्री लावली असे म्हणतात, आणि मीही येथे तोच शब्द वापरते.

सुरुवातीला मला वाटले की प्रश्न मुख्यतः पैशांचा आहे. एका रविवारी वही घेऊन मी आईजवळ बसले आणि ती प्रत्यक्षात कोणत्या वाहिन्या पाहते ते लिहून काढू लागले. पहिले नाव तिने सह्याद्रीचे घेतले. 2 ऑक्टोबर 1972 रोजी दूरदर्शनचे मुंबई केंद्र सुरू झाले, त्यानंतर काही वर्षांनी घरात कृष्णधवल संच आला, आणि तेव्हापासून ती ते केंद्र पाहत आली आहे. मग झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सोनी मराठी, दोन वृत्तवाहिन्या, एक चित्रपट वाहिनी आणि एक भक्तिगीतांची वाहिनी. नऊ नावे झाल्यावर ती थांबली. बराच विचार करून तिने क्रिकेटची वाहिनी सांगितली आणि लगेच म्हणाली, "ती नको लिहूस, ती बाबांची होती." मी ती लिहिली. आमच्या पॅकमध्ये 190 वाहिन्या होत्या आणि त्यांसाठी आम्ही महिन्याला 380 रुपये देत होतो.

किमतींचा हिशेब करताना एक गोष्ट लक्षात आली, जी बहुतेकांना ठाऊक नसते. 1 फेब्रुवारी 2019 पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, जी नवी दररचना लागू झाली, ती केबल आणि छत्री या दोन्हींना सारखीच लागू आहे. सशुल्क वाहिनीची कमाल किंमत ती वाहिनी चालवणारी कंपनी ठरवते आणि ती किंमत तुम्ही वाहिनी वायरीतून घेतली काय किंवा आकाशातून घेतली काय, एकच राहते. एखादी वाहिनी पॅकमध्ये घालायची असेल, तर तिची सुटी किंमत 19 रुपयांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. याशिवाय सेवा देणारी कंपनी जोडणीचे शुल्क घेते. आम्ही निवड करत होतो त्या वर्षी 200 वाहिन्यांपर्यंत त्याची कमाल मर्यादा 130 रुपये होती आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरून ते 153 रुपये 40 पैसे होत असे. दूरदर्शनच्या सक्तीच्या वाहिन्या त्या 200 मध्ये मोजल्या जात नव्हत्या. एचडी वाहिनी मात्र दोन साध्या वाहिन्यांच्या बरोबरीची धरली जात असे. जुलै 2024 मध्ये ट्रायने 130 रुपयांची ही मर्यादा काढून टाकली, त्यामुळे आज तुलना करणाऱ्याने प्रत्येक कंपनीचे जोडणी शुल्क वेगळे विचारून घ्यावे. आमच्यापुरते सांगायचे तर, दहा वाहिन्या निवडून घेतल्या असता केबलचे आणि छत्रीचे बिल यांत तीस-चाळीस रुपयांचा फरक पडत होता. तेवढ्यासाठी कोणी सत्तावीस वर्षांचा केबलवाला सोडत नाही. पैशांचा मुद्दा मी त्या दिवशी वहीत खोडून टाकला.

खरा मुद्दा पावसाचा होता. छत्री म्हटले की मुंबईतला प्रत्येक माणूस हेच सांगतो की पावसात चित्र जाते, आणि ते खरे आहे. छत्रीवर येणाऱ्या लहरी केयू बँड नावाच्या वारंवारतेच्या पट्ट्यातल्या असतात आणि त्यांची लांबी सुमारे अडीच सेंटीमीटर असते. मुसळधार पावसाचे मोठे थेंब या लांबीच्या लहरी मोठ्या प्रमाणात शोषतात आणि विखुरतात. केबल कंपन्या त्यांच्या कंट्रोल रूममध्ये उपग्रहाचा सिग्नल घेतात तो प्रामुख्याने सी बँड या दुसऱ्या पट्ट्यावर. त्या लहरी सुमारे साडेसात सेंटीमीटरच्या असतात आणि त्यासाठी लावलेल्या तबकड्याही कितीतरी मोठ्या असतात, म्हणून पावसाचा त्यांना फारसा उपद्रव होत नाही. याचा अर्थ असा की केबलचा सिग्नल आकाशातून खाली येताना टिकतो, पण गल्लीतून घरापर्यंत येताना अडखळतो, आणि छत्रीचे याच्या बरोबर उलट असते.

ऐकीव माहितीवर न राहता मी पाचव्या मजल्यावरच्या काकांना विनंती केली. त्यांच्याकडे बऱ्याच वर्षांपासून छत्री आहे आणि निवृत्तीनंतर ते बहुतेक वेळ घरीच असतात. त्यांनी जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत चित्र कधी गेले आणि कधी परत आले याची वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवली. त्या सहा आठवड्यांत चित्र अकरा वेळा गेले होते. सर्वांत दीर्घ खंड पस्तीस मिनिटांचा होता आणि इतर बहुतेक दहा-पंधरा मिनिटांत संपले होते. त्याच सहा आठवड्यांत आमची केबल पाच वेळाच गेली होती. मात्र त्या पाच वेळांचे मिळून सतरा दिवस झाले होते.

ही दोन्ही कागदपत्रे शेजारीशेजारी ठेवून मी आईला वाचून दाखवली. तिने जे विचारले त्याने माझ्या मनातला गोंधळ बराच निवळला. ती म्हणाली, "म्हणजे पावसानं गेलं तर पाऊस थांबल्यावर आपोआप येणार, कुणाला बोलवायला नको?" मी हो म्हटले. तिला सतरा दिवसांत सगळ्यात जास्त कशाचा त्रास झाला, हे मला तेव्हा समजले. चित्र नसण्यापेक्षाही, ते कधी येईल हे माहीत नसणे, त्यासाठी फोन करत राहणे आणि ज्याला फोन करायचा त्याच्याही हातात काही नसणे, हे तिला नको झाले होते.

मधल्या काळात दोन पर्याय तपासून बाजूला ठेवले. भाच्याने सुचवले की टीव्हीला एक छोटे उपकरण लावून सगळे इंटरनेटवरून पाहावे. परंतु आमचे इंटरनेटही त्याच केबलवाल्याच्या त्याच तात्पुरत्या मार्गाने येत होते, आणि अ‍ॅप उघडून त्यात मालिका शोधण्यापेक्षा नंबर दाबला की वाहिनी लागणे हे आईच्या हाताला सवयीचे आहे. दुसरा पर्याय दूरदर्शनच्या फ्री डिशचा होता. छत्री व बॉक्स एकदा विकत घेतले की त्याला महिन्याचे काहीच शुल्क लागत नाही आणि सह्याद्री त्यावर आहेच. गावी, कोकणात, माझ्या मावशीकडे तीच आहे आणि तिचे समाधान आहे. आईच्या यादीतल्या सातच्या आणि आठच्या मालिकांच्या वाहिन्या मात्र त्यावर मिळत नव्हत्या, त्यामुळे तो विचार तेथेच थांबला.

ऑगस्टच्या शेवटी छत्री घ्यायचे ठरले आणि तेव्हा कळले की मुंबईत ही निवड निम्मी सोसायटीच्या हातात असते. आमच्या घराच्या खिडक्या उत्तरेला आणि पश्चिमेला आहेत. टीव्हीचे भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी स्थिर दिसणारे, उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर असतात, म्हणजे मुंबईतून पाहिले तर ते दक्षिणेच्या बाजूला येतात, आणि आपल्याकडच्या कंपन्यांचे उपग्रह तर दक्षिण ते पूर्व या पट्ट्यात आहेत. आमच्या खिडकीच्या जाळीवर छत्री लावून काहीही उपयोग नव्हता. ती गच्चीवरच लागणार होती. गच्चीचे वॉटरप्रूफिंग आदल्याच वर्षी झाले होते आणि स्लॅबला एक जरी भोक पाडले तरी कंत्राटदाराची हमी संपणार होती. सेक्रेटरींनी मला हे स्पष्टपणे सांगितले आणि त्यांचे म्हणणे योग्यच होते, कारण गळती झाली तर ती सातव्या मजल्यावरच्यांनी सोसायची असते. मी लेखी अर्ज दिला, त्यात छत्री सिमेंटच्या ठोकळ्यावर बसवण्याचे, स्लॅबला किंवा कठड्याला भोक न पाडण्याचे आणि वायर डक्टमधूनच खाली आणण्याचे लिहून दिले, आणि कमिटीच्या बैठकीत परवानगी मिळाली. जे कोणी छत्री घेण्याच्या विचारात असतील त्यांनी पैसे भरण्याआधी हा कागद हातात घ्यावा, असे मी आवर्जून सांगेन. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या छत्रीवर चालत नाही, त्यामुळे पैसे भरल्यानंतर परवानगी नाकारली गेली तर तो बॉक्स घरात पडून राहतो.

त्यानंतर केबलवाल्याला सांगायचे होते. फोनवर सांगणे मला बरे वाटेना, म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो पैसे घ्यायला आला तेव्हा त्याला बसवून घेतले. "दादा, पुढच्या महिन्यापासून छत्री लावतोय," एवढे बोलून मी थांबले. तो क्षणभर वहीकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "ताई, काकू दिवसभर एकट्या असतात, तुम्ही बरोबर करताय." नंतर त्याने जे सांगितले ते मला कोणत्याही कंपनीच्या माणसाने सांगितले नव्हते. समोर टॉवर उभा राहणार आहे तो बरोबर छत्री जिकडे पाहते त्या बाजूला आहे. आज मोकळे आकाश दिसते म्हणून माणसे पुढच्या कठड्याजवळ छत्री लावतील आणि दोन वर्षांनी त्यांचे चित्र जाईल. "मागच्या कोपऱ्यात लावा, आणि पाण्याच्या टाकीला चिकटवू नका," असे त्याने दोनदा बजावले.

त्या रात्री मी भाच्याला बसवून हे गणित करून घेतले. उपग्रह पृथ्वीवर कोणत्या रेखांशाच्या वर आहे त्यावरून तो मुंबईच्या आकाशात किती उंच दिसतो हे ठरते. टाटा प्लेचे उपग्रह 83 अंश पूर्वेला आहेत, मुंबईच्या रेखांशापासून फार दूर नाहीत, म्हणून ते क्षितिजापासून सुमारे 65 अंश उंचीवर, दक्षिणेपासून किंचित पूर्वेकडे येतात. डिश टीव्हीचा उपग्रह 95 अंशांवर आहे, तो आग्नेयेला सुमारे 56 अंशांवर येतो. एअरटेलचा 108 अंशांवर असल्याने तो अधिक पूर्वेकडे आणि खाली, सुमारे 44 अंशांवर दिसतो. समोरच्या भूखंडावरच्या फलकावर तळमजला अधिक 22 मजले असे लिहिलेले होते. मजल्याला तीन मीटर आणि वरच्या टाकीचे व लिफ्टच्या खोलीचे पाच मीटर धरले, तर टॉवर आमच्या गच्चीपेक्षा सुमारे 53 मीटर उंच जाणार होता. आमच्या पुढच्या कठड्यापासून टॉवरची कड 28 मीटरांवर येत होती, म्हणजे तेथे उभे राहून पाहिल्यास टॉवरचे टोक 62 अंशांवर दिसले असते आणि 65 अंशांवरचा उपग्रह जेमतेम सुटला असता. मागच्या कोपऱ्यात गेल्यावर हेच अंतर 40 मीटर होत होते आणि टॉवरचे टोक 53 अंशांपर्यंत खाली येत होते. 83 अंशांवरच्या उपग्रहासाठी तेथे भरपूर मोकळीक होती, 95 साठी थोडी होती आणि 108 साठी ती जागा टॉवर पूर्ण झाल्यावर चालणार नव्हती. आमच्या भागात ज्यांच्या आग्नेयेला असे काही उभे राहत नाही, त्यांच्यासाठी या तिन्हींपैकी कोणतीही निवड योग्यच ठरली असती; आमच्यासाठी मात्र या अंशांनीच कंपनी ठरवली. केबलवाल्याने नजरेने जोखून सांगितले होते ते कागदावर तंतोतंत उतरले.

छत्री बसवायला शनिवारी सकाळी एक तरुण तंत्रज्ञ आला. कमी वायर लागेल म्हणून त्याने आधी पुढच्या कठड्याकडे बोट दाखवले. मी त्याला टॉवरची गोष्ट सांगितली, त्याने समोरच्या खड्ड्याकडे पाहिले, मान हलवली आणि साठ सेंटीमीटरची ती तबकडी उचलून मागे नेली. टाकीपासून टाकीच्या उंचीच्या निम्म्याहून अधिक अंतर सोडले की 65 अंशांवर तिचा अडथळा येत नाही, म्हणून आम्ही दुप्पट अंतर सोडले. मला एका गोष्टीचे नवल वाटले. छत्री इतक्या उंचावरच्या उपग्रहासाठी लावूनही ती त्या मानाने बरीच उभी, जणू उपग्रहाच्या बरेच खाली पाहत असल्यासारखी दिसत होती. तो म्हणाला, "मॅडम, हिचा मधला भाग सरळ समोर बघत नाही, पुढची दांडी खाली वाकलेली आहे ना, त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा वर बघते." त्यामुळेच, समोर भिंत दिसते म्हणून छत्री चालणार नाही असे वाटणाऱ्या पुष्कळ जागी ती प्रत्यक्षात चालते.

मग छोटे यंत्र वायरीला जोडून त्याने तबकडी केसभर डावीकडे, केसभर वर अशी हलवायला सुरुवात केली. यंत्राचा बारीक आवाज कधी तुटत, कधी सलग होत होता. सलग झाला की तो बोल्ट अर्धा आवळायचा, आवळताना पुन्हा जरा हलायची, पुन्हा सैल करायचा. या एका कामाला त्याने चाळीस मिनिटे दिली आणि मी त्याला घाई केली नाही, कारण आज कडक उन्हात जेवढा सिग्नल जास्त मिळेल तेवढीच पावसात झीज सोसण्याची ताकद राहणार होती. जोडांच्या बाबतीत मी हट्ट धरला. हिरवी पडलेली ती तार माझ्या डोळ्यांसमोर होती. प्रत्येक जोडावर त्याने रबरी टेप ताणून गुंडाळली आणि खिडकीतून वायर आत येण्याआधी तिला खाली झोल दिला, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकेल, आत शिरणार नाही. बॉक्स, छत्री आणि बसवणे मिळून आणि ठरावीक लांबीपेक्षा जास्त लागलेल्या वायरीचे वेगळे पैसे धरून सुमारे अडीच हजार रुपये झाले. वर्षभराचे पैसे एकदम भरण्याची सवलत होती, पण एक पावसाळा निघाल्याशिवाय तसे करायचे नाही असे मी ठरवले.

सर्वांत नाजूक भाग अजून उरला होता. आईला केबलवरचे वाहिन्यांचे नंबर पाठ होते. डोळ्यांना रिमोटवरचे आकडे नीट दिसत नसले तरी तिचा अंगठा आपोआप त्या जागी जायचा. नव्या बॉक्सवर सगळे नंबर वेगळे होते. पहिल्या संध्याकाळी तिने जुना नंबर दाबला, भलतीच वाहिनी लागली आणि तिने रिमोट खाली ठेवून दिला. मी तिच्या दहा वाहिन्या आवडत्या वाहिन्यांच्या यादीत घातल्या, नवे नंबर मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवले आणि आठवडाभर रोज रात्री तिच्याजवळ बसून ते दाबवून घेतले. पहिल्यांदा पाठ झाला तो सह्याद्रीचा. पुठ्ठा आजही तेथे आहे, जरी ती आता त्याच्याकडे पाहत नाही.

केबलचा बॉक्स परत घ्यायला केबलवाला सप्टेंबरच्या अखेरीस आला. आईने त्याला चहा केला. त्याने वहीतल्या आमच्या ओळीवर रेघ मारली नाही, नुसती पान उलटून वही बंद केली. नंतर तो मला म्हणाला की मागे जाऊन छत्री पाहून येऊ का, आणि गच्चीवरून उतरल्यावर "जागा बरोबर आहे" असे सांगून गेला.

परतीच्या पावसात एका संध्याकाळी विजांचा मोठा कडकडाट झाला. गाडीत ठाण्याकडच्या बाजूचे आभाळ काळे झालेले दिसत होते आणि मी मनातून धास्तावले होते. घरी पोहोचले तेव्हा टीव्ही चालू होता आणि आई भाजी निवडत बसली होती. "साडेसहाला गेलं होतं," ती म्हणाली, "पावणेसातला आलं. मालिका सातची होती." तिने मला फोन केला नव्हता.

समोरचा टॉवर आता आमच्या गच्चीच्या बराच वर गेला आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन सिग्नलचा आकडा पाहते आणि ज्या वहीत आईच्या दहा वाहिन्या लिहिल्या होत्या, तिच्याच शेवटच्या पानावर तो तारखेसह लिहून ठेवते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य काही दिवस उपग्रहाच्या बरोबर मागे येतो, तेव्हा दुपारच्या सुमारास चित्र काही मिनिटे जाते. त्या दिवसांसमोर फुली केली आहे, म्हणजे आकडा कमी दिसला तर टॉवरवर उगाच संशय नको. बाकी रकान्यांत आकडा जवळजवळ जिथे होता तिथेच आहे.